वाट पाहिल्याची नोंद

रात्री पावणेदोनला फोन वाजला. "ताई, गेटवर अडवलंय. सीलचा नंबर जुळत नाही म्हणतात."

मी उठून दिवा लावला, कागद काढले. पलीकडे आमचे ड्रायव्हर काका कंटेनरच्या दाराशी उभे राहून बॅटरीच्या उजेडात एकेक आकडा वाचत होते आणि इकडे मी बिल्टीवर बोट ठेवून तपासत होते. पहिले चार जुळले. पाचवा आणि सहावा उलटे होते. सीलवर आठ-सहा, कागदावर सहा-आठ. तो कागद मी भरला होता.

काका बंदराच्या त्या गेटबाहेर ४१ तास उभे राहिले.

मालवाहतुकीच्या कचेरीत माझी बरीच वर्षं गेली. एका बंदरातला कंटेनर ट्रेलरवर चढवून रस्त्यानं दुसऱ्या बंदरात पोचवायचा, हे आमचं मुख्य काम. दोन बंदरांच्या मध्ये २१०० किलोमीटर. कामाचं स्वरूप सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, दोन्ही टोकांना समुद्र आहे तर मग रस्त्यानं कशाला? प्रश्न रास्त आहे. टनामागे इंधन पाहिलं तर जहाजाच्या जवळपासही ट्रक येत नाही. एका मोठ्या जहाजावर आज २० फुटी मापाचे २४,००० कंटेनर मावतात, आणि इथे एका कंटेनरसाठी एक इंजिन आणि एक माणूस. पण जहाज त्याच्या वेळापत्रकानं चालतं आणि वेळापत्रक कोलमडलं की एखादं बंदर सरळ गाळून पुढे जातं. माल धक्क्यावर तसाच राहतो. मग तो पुढच्या बंदरात, त्याच जहाजाच्या आधी, रस्त्यानं पोचवावा लागतो. कधी कारखाना एका सुट्या भागासाठी बंद पडलेला असतो. कधी समुद्राचीच वाट धोक्याची होते. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आखातातल्या जेबेल अली आणि दम्माम या बंदरांतून कंटेनर ट्रकवर चढवून वाळवंट ओलांडून सौदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जेद्दाला न्यायला लागले. समुद्र अडला की जमिनीची आठवण होते.

त्या रात्रीचा कंटेनर असाच गाळलेल्या बंदराचा होता. जहाज गाठायचं होतं. त्याची कट-ऑफ, म्हणजे माल आत घेण्याची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी दुपारची. काका दहा तास हातात ठेवून पोचले होते.

आता ही सीलची भानगड जरा नीट सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

कंटेनरच्या दारावरचा नंबर कधी निरखून पाहिला असेल तर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा सातवा आकडा दिसेल. पहिली तीन अक्षरं मालकाची खूण, ती पॅरिसमधल्या एका संस्थेकडे नोंदवावी लागते. चौथं अक्षर बहुधा 'यू'. आणि चौकटीतला तो आकडा म्हणजे राखणदार. आधीच्या दहा चिन्हांना ठरावीक किमती असतात. पहिल्याला १ नं गुणायचं, दुसऱ्याला २ नं, मग ४, ८, १६ असं दुपटीनं ५१२ पर्यंत जायचं, सगळ्याची बेरीज करून ११ नं भागायचं. जी बाकी उरते तो चौकटीतला आकडा, आणि बाकी १० उरली तर शून्य. लिहिताना एक आकडा इकडचा तिकडे झाला की हिशेब बहुतेक वेळा लगेच फिसकटतो आणि यंत्र चूक दाखवतं. नव्यानं लागलेल्या मुलांना मी हा हिशेब आजही हातानं करायला लावते. एकदा हातानं केला की त्या नंबराकडे बघण्याची नजर बदलते.

सीलला असा राखणदार नसतो. करंगळीएवढी जाड पोलादी खीळ दाराच्या कडीतून घालायची आणि दुसऱ्या बाजूनं टोपण दाबायचं. 'खट्' असा एक आवाज येतो. त्यानंतर ते उघडत नाही, तोडावंच लागतं, आणि तोडायला लांब दांड्याची कात्री लागते. खिळीवर आणि टोपणावर तोच नंबर कोरलेला असतो. माल भरला त्या क्षणापासून माल घेणाऱ्याच्या दारापर्यंत कोणी हात लावला नाही, याचा पुरावा म्हणजे तो नंबर. त्यात चूक पकडणारा आकडा नाही. चूक पकडायला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक लिहिणारा, आणि दोघंही जागे लागतात.

मी त्या संध्याकाळी घाईत होते. तीन गाड्या एकदम लागल्या होत्या.

दुरुस्तीचं पत्र माल पाठवणाऱ्याकडून यायला हवं होतं, त्यावर आणखी एका कचेरीचा शिक्का हवा होता आणि दोन्हीकडे साप्ताहिक सुट्टी होती. जहाज गेलं. पुढचं जहाज आठवड्यानं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी जी पत्रं लिहिली त्यांत प्रत्येक गोष्टीला दर होता. कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचं भाडं. टर्मिनलमधल्या जागेचं भाडं. कागद दुरुस्त करण्याची फी. जहाजातली राखलेली जागा वाया गेल्याचा दंड. कोणी किती सोसायचं यावर हुज्जत झाली, पण हुज्जत घालायला कागद तरी होते. ४१ तासांचा कागद नव्हता.

मी काकांची माफी मागितली. फोनवर नाही, ते परत आल्यावर समोर बसून. ते म्हणाले, "आकडा चुकतो, ताई. माझाही चुकलाय. पण मी तिथं होतो, एवढं तरी कुठं लिहीत जा."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आम्ही मराठी माणसं रस्त्यालाही वाट म्हणतो आणि थांबून राहण्यालाही वाट पाहणं. इतकी वर्षं मी वाटेचा हिशेब ठेवत होते: किती किलोमीटर, किती लिटर, किती टोल. वाट पाहण्याचा हिशेब कधी ठेवला नव्हता. तो कोण ठेवतं, हे मी शोधायला लागले, आणि शोधताना एका ट्रकवाल्यापाशी येऊन पोचले.

माल्कम मॅक्लीन. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनातला. पेट्रोलपंप चालवता चालवता जुना ट्रक घेऊन १९३४ मध्ये धंद्यात पडला. १९३७ साली कापसाच्या गासड्या घेऊन तो स्वतः न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरात गेला होता. तिथे त्याला दिवसाचा बराचसा भाग ट्रकमध्ये नुसतं बसून राहावं लागलं. गोदी कामगार एकेक गासडी उतरवत होते, दोरात बांधत होते, जहाजावर चढवत होते, आत पुन्हा सोडून रचत होते. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की अख्खा ट्रकच उचलून जहाजावर ठेवला तर? ही गोष्ट त्यानं स्वतः पुष्कळ वर्षांनी सांगितली आणि ती अगदी अशीच घडली का, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. मला ती खरी वाटते. ट्रकमध्ये बसून वाट पाहिलेल्या माणसालाच असला विचार सुचू शकतो, असं मला वाटतं. याला पुरावा माझ्याकडे नाही, पण काकांच्या शेजारी १३ तास बसल्याचा अनुभव आहे. त्याच्याकडे येतेच.

१९५५ मध्ये मॅक्लीननं आपला ट्रकचा धंदा सोडला. तोवर त्याच्याकडे १७०० च्या वर ट्रक होते. त्याला जहाजं हवी होती, आणि का हवी होती ते पाहण्यासारखं आहे. किनाऱ्यालगतचे हमरस्ते गाड्यांनी तुंबले होते. उत्तरेकडच्या बंदरातून दक्षिणेकडच्या बंदरात माल न्यायचा तर ट्रकनं रस्त्यावर रखडण्यापेक्षा ट्रकचा डबा जहाजावर का जाऊ नये, एवढा साधा त्याचा प्रश्न होता. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज नेवार्कहून ५८ डबे घेऊन ह्यूस्टनला निघालं. रस्त्यानं हे अंतर साधारण २६०० किलोमीटर, आमच्या मार्गापेक्षा थोडंसंच जास्त. क्रेन दर सात मिनिटांना एक डबा ठेवत होती. आठ तासांच्या आत जहाज भरलं. सुटा माल हातानं चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर खर्च यायचा. या जहाजावर तो १६ सेंटांच्या आत आला.

त्याच्या दोनच वर्षं आधीची एक नोंद शेजारी ठेवते म्हणजे फरक कळेल. १९५४ साली 'वॉरियर' नावाचं जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला गेलं. त्यावर १,९४,५८२ नग होते. खोकी, पोती, पिंपं, गाठोडी, सगळं सुटं. चढवायला सहा दिवस, समुद्रात साडेदहा, उतरवायला चार. जहाज म्हणजे पाण्यात उभं राहिलेलं भांडवल, ते असं दहा दिवस धक्क्याला बांधून ठेवणं परवडणारं नव्हतं. कंटेनर आला आणि जहाजाचं थांबणं दिवसांवरून तासांवर आलं.

मला इथेच अडखळायला होतं. जहाजाचं थांबणं कमी झालं, मग ते गेलं कुठे?

जहाजाच्या थांबण्याला आधीपासून किंमत होती. डिमरेज हा शब्द आमच्या कचेरीत रोज दहादा उच्चारला जातो. त्याच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधलं 'थांबून राहणं' एवढंच आहे. जहाज भाड्यानं घेणाऱ्यानं माल चढवायला-उतरवायला ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त घेतले तर दिवसागणिक पैसे मोजायचे. करार किती बारीक असतात! पावसाचा दिवस धरायचा की नाही, सुट्टी धरायची की नाही, घड्याळ कधी सुरू करायचं. सगळं लिहिलेलं. ज्या थांबण्याला दर असतो ते कमी करण्याची सगळ्यांना घाई असते.

ट्रकच्या थांबण्याला दर नव्हता, म्हणून ते तिथेच साचत गेलं. मोठं जहाज एका खेपेत हजारो कंटेनर उतरवतं, ते सगळे दोन-तीन दिवसांत गेटमधून बाहेर काढायचे आणि तेवढेच आत घ्यायचे. जहाजासाठी क्रेन सज्ज, धक्का सज्ज. गाड्यांसाठी रांग. पूर्वी जे दिवस जहाज उभं राहायचं ते आता हजार गाड्या थोडं थोडं उभं राहून भरून काढतात. २०२२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांबाहेर शंभराहून जास्त कंटेनर जहाजं खोळंबली होती. त्यांचे आकाशातून काढलेले फोटो जगभर छापून आले, रोज आकडा जाहीर व्हायचा. गेटबाहेरच्या ट्रकांचा असा रोजचा आकडा पाहिल्याचं मला आठवत नाही.

त्याच कॅलिफोर्नियात २००२ साली एक कायदा झाला होता. बंदराच्या गेटबाहेर ट्रक अर्ध्या तासाहून जास्त वेळ इंजिन चालू ठेवून उभा राहिला तर टर्मिनलला दर ट्रकमागे २५० डॉलर दंड. वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं की कायदा हवेच्या प्रदूषणासाठी होता. त्यात इंजिनाचा धूर मोजला होता. केबिनमधल्या माणसाचे तास त्यात नव्हते.

अमेरिकेतल्या ड्रायव्हरला १० तासांच्या विश्रांतीनंतर कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. नियम त्याच्याच जिवासाठी आहे, चांगला आहे. पण गोदामाच्या दारात तो पाच तास बसला तरी ते १४ तास सरतच राहतात, आणि लांब पल्ल्याच्या कित्येकांना पगार मिळतो तो मैलांवर. गाडी उभी तर मैल शून्य. जादा कामाचा वाढीव दर देणाऱ्या १९३८ च्या श्रमकायद्यातून हे ड्रायव्हर वगळलेले आहेत. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला ९ तास आणि आठवड्यातून दोनदा १०. तिथे गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. रांगेत गाडी दर वीस मिनिटांना एक लांबी पुढे घ्यायची असेल तर ती विश्रांती म्हणायची की काम? झोप तर लागत नाही. स्पेननं २०२२ मध्ये निदान एक पाऊल टाकलं. आधी दोन तास थांबल्यानंतर मोबदल्याचा हक्क सुरू व्हायचा, तो एक तासावर आणला, आणि मोठ्या गाड्यांच्या ड्रायव्हरकडून माल चढवून-उतरवून घ्यायला, काही अपवाद सोडून, बंदी केली.

हे सगळं मी टेबलाशी बसून वाचलं. चार महिन्यांनी काकांना म्हटलं, पुढच्या खेपेला मीही येते. कचेरीत कोणाला पटलं नाही. काका फक्त म्हणाले, "उशी आणा. तिथली तुम्हाला चालणार नाही."

निघण्याआधी त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार ट्विस्टलॉक असतात. कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकात तो खुंटा जातो आणि पाव फेरा फिरवला की अडकतो. हे रूप कीथ टँटलिंगर या इंजिनिअरनं मॅक्लीनसाठी काम करताना दिलं आणि १९६३ मध्ये त्याचे हक्क सगळ्यांसाठी खुले केले गेले, म्हणूनच आज कुठल्याही देशातला कंटेनर कुठल्याही ट्रेलरवर बसतो. मी हे वाचून गेले होते, सांगणारही होते. पण काकांनी चारही खुंट्यांवर लाकडी दांडक्यानं एकेक ठोका मारला आणि मान कलती करून आवाज ऐकला. मग टायरांवर तसेच ठोके. मग सीलला हात घालून एक हिसका. मग मोबाइल काढून सीलचा फोटो घेतला आणि मला म्हणाले, "वाचा." मी वाचला. "आता कागदावरचा वाचा." मी तोही वाचला. दोघंही काही बोललो नाही.

आत काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. या कामातली ही गोष्ट मला पूर्वी कधी जाणवली नव्हती. ड्रायव्हर २१०० किलोमीटर जे नेतो ते त्यानं बघितलेलंच नसतं. दार बंद करून, सील ठोकून गाडी त्याच्या हवाली होते. १९५६ सालच्याच मे महिन्यात, 'आयडियल एक्स' ह्यूस्टनला पोचल्यावर अडीच आठवड्यांनी, जिनिव्हात रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा करार झाला, त्याला सीएमआर म्हणतात. त्यातल्या बिल्टीच्या तीन मूळ प्रती: एक पाठवणाऱ्याला, एक मालाबरोबर, एक वाहतूकदाराकडे. माल ताब्यात घेताना वाहतूकदारानं नग, खुणा आणि मालाची वरवर दिसणारी स्थिती तपासावी, असं त्यात सांगितलंय. सील लागलेल्या डब्याच्या बाबतीत वरवर दिसतो तो फक्त पत्रा. म्हणून आम्ही बिल्टीवर लिहितो, 'पाठवणाऱ्याच्या मोजणीप्रमाणे'. त्या दोन शब्दांच्या मागे काका बसलेले असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतारावर समोरची गाडी अचानक मंदावली आणि काकांनी ब्रेक दाबला. मागून, आतून, एक जड, लांबट आवाज आला. काहीतरी सरकलं होतं. काकांनी रेडिओ बंद केला. पुढचे दहा किलोमीटर ते फक्त ऐकत होते. माल बांधण्याचे युरोपातले नियम मला पाठ आहेत: ब्रेक लागताना मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो असं धरायचं, वळणावर बाजूला ०.५ पट. म्हणजे २० टनाचा माल, तर पुढच्या भिंतीवर १६ टनांचा रेटा. पाठ असणं वेगळं आणि ती भिंत आपल्या पाठीमागे हातभर अंतरावर असणं वेगळं.

थांब्यावर ते उतरले, गाडीच्या मागे दहा पावलं गेले आणि उकिडवे बसले. दोन्ही बाजूंचे चिखलरोधक रबरी पडदे जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का, ते बघत होते. डावा बोटभर खाली होता. दार उघडून बघता येत नव्हतं, सील तोडली तर पुढे सगळंच अडलं असतं. त्यांनी पत्र्याला कान लावला, तळहातानं जागोजागी थापटून पाहिलं, पुढून मागे, अर्ध्या डब्यापर्यंत. मग म्हणाले, "खालची पट्टी सैल झालीय. एक रांग कलंडलीय, पण टेकलीय. आता वळणं जपून." उरलेले ९०० किलोमीटर प्रत्येक वळणाआधी ते वेग इतका कमी करत की मागचे हॉर्न वाजवत. ते हॉर्न वाजवणाऱ्यांना काय माहीत असणार. मलाही कचेरीत बसून कधी कळलं नसतं. मी फोन करून विचारलं असतं, एवढा उशीर का?

चौथ्या दिवशी पहाटे तीनला रांगेच्या शेपटीला लागलो. पुढे लाल दिव्यांची माळ, गेट दिसतही नव्हतं. काकांनी घड्याळ बघितलं आणि सीटखालून एक वही काढली. शाळेतली साधी वही, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. त्यात तारीख आणि 'रांग ३.०५' असं लिहून ठेवून दिली.

मी विचारलं, बघू? त्यांनी दिली.

प्रत्येक पानावर तीन रकाने. रांगेत लागल्याची वेळ, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. वर्षानुवर्षांची. कुठे शेवटच्या रकान्यात दुसऱ्या दिवसाची तारीख, कुठे तिसऱ्या. बेरीज कुठेच नव्हती. मी मागे मागे जात ती नोंद शोधली. रांग, ती तारीख. आत, त्यानंतरच्या तारखेला संध्याकाळी. पुढे कंसात बारीक अक्षरात एकच शब्द, 'सील'. माझं नाव नव्हतं, माझ्या चुकीचा उल्लेखही नव्हता.

"हे कोणाला दाखवता?"

"कोणी मागितलं नाही कधी."

उजाडलं. ऊन वर आलं. रांग हलली की काका गाडी एक लांबी पुढे घ्यायचे, ब्रेकची हवा 'फुस्स' करून सुटायची, इंजिन बंद. पुन्हा थोड्या वेळानं तेच. मी एकदा मोजलं, तासाभरात चार वेळा. डोळा लागायचा आणि मागच्याचा हॉर्न वाजायचा. शेजारच्या रांगेतला एक तरुण मुलगा खाली उतरून आमच्या काचेशी आला आणि फोन चार्जिंगला लावायला देऊन गेला. त्याच्या घरी कोणी आजारी होतं, फोन बंद पडू द्यायचा नव्हता. तो वाजला तेव्हा काकांनी हाक मारून त्याला बोलावलं. तो आमच्या पायरीवर उभा राहून बोलला. काकांनी तेवढा वेळ मान दुसरीकडे वळवून ठेवली.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही गेटवर आलो. माणसानं कागद बघितला, मागे जाऊन सील वाचली, शिक्का मारला. सगळं मिळून तीन मिनिटं. आत क्रेनखाली गाडी लावली. काकांनी चारही खुंटे सोडले. वरून चौकट खाली आली, कोपऱ्यांत अडकली, आणि कंटेनर वर गेला. ट्रेलर एकदम हलका होऊन स्प्रिंगवर वर आला, माझ्या पोटात गोळा उठला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. १३ तास आणि दोन मिनिटं.

परतीचं भाडं लगेच मिळालं नाही, ते क्वचितच मिळतं. युरोपातल्या ट्रकांच्या एकूण धावण्यातलं साधारण पाचवा हिस्सा अंतर रिकाम्या गाड्यांचं असतं, आणि तिथे नोंदी तरी व्यवस्थित आहेत. काका गाडी मैदानात लावून झोपले. मी केबिनच्या दुसऱ्या सीटवर बसून त्यांच्या वहीतल्या बेरजा केल्या. मागच्या बारा महिन्यांच्या फक्त. रांगेतले तास ६८० भरले. मी दोनदा तपासले. २४ नं भागले तर २८ दिवस आणि वर काही तास. फेब्रुवारीचा एक अख्खा महिना, रात्रीसकट, ते केबिनमध्ये बसून एक लांबी पुढे, एक लांबी पुढे करत होते, आणि आमच्या कचेरीत त्याचा एकही कागद नव्हता.

आल्यावर मी आमच्या नोंदीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले, 'रांगेत' आणि 'आत'. साहेबांनी विचारलं, यानं काय होणार? मी म्हटलं, आधी लिहून तर ठेवू. तीन महिन्यांचे आकडे जमल्यावर मी ते माल पाठवणाऱ्यांना पाठवायला लागले, बिलासोबत, मोबदल्याच्या मागणीसह. निम्म्यांनी उत्तर दिलं नाही. काहींनी लिहिलं की करारात असं काही नाही, आणि ते खरं होतं. पण दोघांनी नव्या करारात कलम घातलं: गेटवर तीन तासांनंतर दर तासाला ठरावीक रक्कम, आणि ती सरळ ड्रायव्हरच्या नावावर. दोनच जण आहेत. त्यांच्या गाड्यांना रात्रीच्या पाळीतली वेळ कशी मिळेल, यासाठी ते आता स्वतः टर्मिनलला फोन करतात. पूर्वी करत नव्हते.

सीलचा नंबर मी आता फोनवर लिहून घेत नाही. फोटो मागवते, कागदावर उतरवते आणि मग ड्रायव्हरला फोन करून उलटीकडून वाचायला लावते, शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत. सवयीनं पुढचा आकडा मनात आधीच तयार असतो, उलटं वाचताना तो नसतो. एका गाडीमागे दीड मिनिट जास्त लागतं. तीन गाड्या एकदम लागल्या तरी ते दीड मिनिट मी सोडत नाही.

काल रात्री काकांचा फोन आला. पलीकडे हवा सुटल्याचा तोच 'फुस्स' आवाज.

"ताई, रांगेत लागलो. दोन पस्तीस."

मी लिहिलं. २.३५.

"लिहिलं?"

"लिहिलं, काका."

"बरं. झोपा आता," ते म्हणाले.